रेडकॅप: व्हायरल आजारानंतर रेंगाळणाऱ्या त्रासाच्या स्टडीसाठी कसं आहे

व्हायरल इन्फेक्शन होऊन गेलं, रिपोर्ट निगेटिव्ह आला, पण थकवा, धाप, ब्रेन फॉग (डोकं धूसर होऊन नीट विचार न करता येणं), सांधेदुखी काही केल्या जात नाही, अशा लोकांचा काही वर्षं फॉलोअप करायचा तर डेटा कशात गोळा करायचा हा पहिला प्रश्न येतो आणि बरेच जण साधं गुगल फॉर्म आणि एक्सेल घेऊन सुरुवात करतात. मी अशाच एका स्टडीची आखणी करतेय आणि त्यासाठी रेडकॅप हे संशोधनाचा डेटा ऑनलाइन गोळा करायचं सॉफ्टवेअर वापरतेय, म्हणून हा रिव्ह्यू. एकदाच भरून घ्यायच्या सर्व्हेसाठी हे लिहिलेलं नाही, तीच माणसं पुन्हापुन्हा गाठायची असतील तरच पुढे वाचा.

आधी थोडी माहिती. रेडकॅप अमेरिकेतल्या व्हॅण्डरबिल्ट युनिव्हर्सिटीत २००४ मध्ये तयार झालं. ना-नफा संस्थांना फुकट मिळतं, पण तुम्ही एकटे जाऊन अकाउंट उघडू शकत नाही, संस्थेने व्हॅण्डरबिल्टशी करार करून स्वतःच्या सर्व्हरवर ते चालवावं लागतं. ओपन सोर्सही नाही. म्हणजे संस्थेचा आयटी विभाग जेवढा चांगला तेवढं तुमचं रेडकॅप चांगलं.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे लॉन्जिट्युडिनल मोड, म्हणजे त्याच माणसांकडून ठरावीक अंतराने पुन्हा माहिती घ्यायची सोय. यात तुम्हाला आधीच सांगावं लागतं की बेसलाइन (सुरुवातीची पहिली नोंद) कधी, ३ महिन्यांनी काय विचारायचं, ६ महिन्यांनी काय, वर्षाने काय, आणि कुठल्या भेटीला कुठला फॉर्म लागणार. हे ग्रिड भरायला बसलं की टीममधले सगळे वाद तिथेच बाहेर येतात, कारण "साधारण तीनेक महिन्यांनी बघू" असं सॉफ्टवेअरला सांगता येत नाही. आता दिवस नक्की कुठून मोजायचे? लक्षणं सुरू झाली तिथून, टेस्ट पॉझिटिव्ह आली तिथून की डिस्चार्जपासून? डब्ल्यूएचओने २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये कोविडनंतरच्या अवस्थेची जी व्याख्या दिली त्यात साधारण ३ महिन्यांनी दिसणारी, किमान २ महिने टिकणारी आणि दुसऱ्या कुठल्या निदानाने उलगडत नाहीत अशी लक्षणं धरली आहेत. मग शून्य दिवसच प्रत्येकाचा वेगळा असेल तर ३ महिन्यांना अर्थच राहत नाही. हा निर्णय पहिल्याच दिवशी घ्यायला लावणारं टूल मला हवं होतं.

दुसरी जबरदस्त गोष्ट ऑटोमेटेड सर्व्हे इन्व्हिटेशन. अट लावून ठेवायची, अट पूर्ण झाली की ठरलेल्या वेळी लिंक आपोआप जाते, उत्तर नाही आलं तर रिमाइंडर जातो. हे ऐकायला साधं वाटतं पण या आजारात त्याची किंमत फार आहे. श्रम केल्यावर जी तब्येत कोसळते ती बऱ्याचदा १२ ते ४८ तासांनी कोसळते. तुम्ही पेशंटला बोलावलं, ६ मिनिटांची वॉक टेस्ट घेतली, तिथेच विचारलं "थकवा किती?", तो म्हणाला ठीक आहे, आणि दोन दिवसांनी तो अंथरुणातून उठू शकत नाहीये हे तुमच्या डेटात कुठेच नाही! रेडकॅपमध्ये वॉक टेस्टची तारीख भरली की २ दिवसांनी छोटा सर्व्हे जाईल असं लावता येतं. माझ्या मते या एका सोयीसाठी सुद्धा हे घ्यावं.

आणि अर्धवट सोडून नंतर पुढे भरायची सोय आहे, ती कृपया चालू ठेवा. ब्रेन फॉग असलेल्या माणसाला ४० मिनिटांचा फॉर्म एका बैठकीत भरायला लावणं क्रूर तर आहेच, शिवाय ज्यांना जास्त त्रास आहे तेच सोडून जातात. उलट पूर्ण बरे झालेले पण कंटाळून सोडतात. दोन्ही टोकं गळाली की उरलेल्यांवरून काढलेला आकडा कसा विश्वासाचा असेल?

आता कंट्रोल ग्रुपबद्दल (तुलनेसाठी घेतलेले, इन्फेक्शन न झालेले लोक) थोडं सविस्तर, कारण इथे टूल आणि आखणी एकमेकांत अडकतात. नेदरलँड्समधल्या लाइफलाइन्स अभ्यासात ७६ हजारांहून जास्त लोकांना मार्च २०२० ते ऑगस्ट २०२१ मध्ये २४ वेळा प्रश्नावली पाठवली होती. कोविड होऊन गेलेल्यांपैकी २१.४ टक्के लोकांमध्ये ३ ते ५ महिन्यांनी काही ठरावीक लक्षणं वाढलेली दिसली, पण कोविड न झालेल्या तशाच वयाच्या आणि लिंगाच्या लोकांमध्येही ८.७ टक्के निघाली. कंट्रोल नसते तर सगळे २१.४ टक्के व्हायरसच्या नावावर गेले असते, फरक काढल्यावर १२.७ उरले. शिवाय त्यांच्याकडे आजाराच्या आधीचीही उत्तरं होती, जे बहुतेकांना कधीच मिळत नाही.

तर रेडकॅपमध्ये पटकन मनात येतं की इन्फेक्शन झालेले एका आर्ममध्ये (म्हणजे स्टडीच्या एका गटात), न झालेले दुसऱ्या आर्ममध्ये. असं करू नका. कंट्रोलमधला माणूस आठव्या महिन्यात आजारी पडला की त्याची नोंद एका आर्ममधून दुसऱ्यात हलवणं सरळ जमत नाही. सगळ्यांना एकाच आर्ममध्ये ठेवा आणि इन्फेक्शनचा वेगळा रिपीटिंग फॉर्म (एकाच माणसासाठी कितीही वेळा भरता येणारा) बनवा, प्रत्येक वेळच्या आजाराची तारीख, टेस्ट, तीव्रता त्यात जाईल, पुन्हा इन्फेक्शन झालं तरी जागा आहे. लसीच्या डोससाठीही तसंच. कोण कधी कुठल्या गटात हे नंतर अ‍ॅनालिसिसमध्ये ठरवता येतं.

तीव्रतेचा रकाना विसरू नका हां. ऑस्ट्रेलियात डब्बो इथे ग्लॅण्ड्युलर फीव्हर, रॉस रिव्हर व्हायरस आणि क्यू फीव्हर (हा तर बॅक्टेरियाचा आजार) झालेल्या २५३ लोकांचा पाठपुरावा केला होता. तिन्ही आजारांनंतर ६ महिन्यांनी साधारण १२ टक्के लोकांचा थकवा आणि बाकी त्रास टिकून होता, आणि पुढचा अंदाज कशावरून आला तर सुरुवातीच्या आजाराच्या तीव्रतेवरून, स्वभावावरून किंवा मानसिक इतिहासावरून नाही. हा अभ्यास २००६ मध्ये छापून आला, कोविडच्या कितीतरी आधी. "मनाचे खेळ आहेत" असं ऐकून ऐकून थकलेल्या पेशंटसाठी असा काळजीपूर्वक गोळा केलेला डेटा काय असतो ते इथे कळतं.

आता न आवडलेलं. चेकबॉक्स! लक्षणांची यादी देऊन "लागू असेल त्यावर टिक करा" असं ठेवलं तर टिक न केलेलं सगळं एक्सपोर्टमध्ये ० म्हणून येतं, माणसाने वाचून नाही म्हटलं की प्रश्नापर्यंत पोचलाच नाही हे कळायला मार्ग नाही. लक्षणांच्या स्टडीत हे घातक आहे. प्रत्येक लक्षणाला हो/नाही वेगळं द्या, फॉर्म लांबतो पण इलाज नाही. एक्सपोर्टसुद्धा सुरुवातीला डोकं फिरवतं, प्रत्येक भेटीची एक ओळ आणि रिपीटिंग फॉर्मच्या आणखी वेगळ्या ओळी, मधे रिकाम्या जागाच जागा. आर किंवा स्टाटा (आकडेवारीची सॉफ्टवेअर) येणारा माणूस टीममध्ये पहिल्यापासून हवा. प्रोजेक्ट प्रॉडक्शनमध्ये गेल्यावर (म्हणजे खरा डेटा गोळा करायला लागल्यावर) बदल ड्राफ्ट म्हणून करावे लागतात, हे मला बरंच वाटतं, पण पर्यायांचे कोड मधेच बदलले तर जुन्या उत्तरांचा अर्थच बदलतो, तेव्हा थकव्याची स्केल आधीच पक्की करा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. दिसायलाही जुनाट आहे, मोबाईलवर मोठे मॅट्रिक्स (तक्त्यासारखे) प्रश्न त्रासदायक होतात.

प्रायव्हसी मात्र चांगली. कोणी कधी काय बदललं त्याचा लॉग राहतो, ओळख पटवणारी फील्ड खूण करून एक्सपोर्टमधून वगळता येतात, आणि प्रत्येक माणसाच्या सगळ्या तारखा सारख्याच दिवसांनी मागे सरकवून डेटा देता येतो, त्यामुळे खरी तारीख लपते पण दोन भेटींमधलं अंतर तसंच राहतं.

माझ्याकडून ५ पैकी ४. एकटे पीएचडी करत असाल आणि संस्थेत रेडकॅप नसेल तर आधी ज्यांच्याकडे आहे असा सहयोगी विभाग शोधा. आणि बजेटमध्ये फोन करणाऱ्या माणसाचा पगार नक्की धरा, तीन रिमाइंडरनंतरही गप्प असलेला पेशंट बरा झालाय की लिंक उघडण्याइतकीही ताकद नाहीये हे फोन केल्याशिवाय कळत नाही.