स्मार्ट थर्मोस्टॅट की बाहेरचा सेन्सर?
इंग्लंडात स्लाउला घर घेतलेला भाचा विचारत होता, कंडेन्सिंग बॉयलरला (घर तापवणारा, धुरातली उष्णताही वापरणारा गॅस बॉयलर) काय लावू?

बसवायला ऑन-ऑफ, म्हणजे बॉयलर नुसता चालू-बंद करणारा स्मार्ट थर्मोस्टॅट सोपा, स्वस्तही. बाहेरची थंडी मोजणाऱ्या सेन्सरसाठी उत्तरेच्या भिंतीपर्यंत वायर न्यावी लागते. शिवाय बॉयलरला तो चालतो का, ते आधी बघ.

गॅस वाचवण्यात मात्र सेन्सर सरस. रेडिएटरमधून परतणारं पाणी साधारण ५५ अंशांखाली असेल, तरच धुरातली वाफ निवते आणि तिची उष्णता घराला मिळते. ऑन-ऑफवाला ७० अंशांचं पाणी सोडतो नि थांबतो. ॲप कितीही देखणं असो. सेन्सर हवा पाहून पाणी कोमट ठेवतो. रेडिएटरला हात लावून ‘बिघडला’ म्हणू नकोस!

घरून काम करणार असशील तर सेन्सर. सकाळ-संध्याकाळपुरताच घरी असशील तर थर्मोस्टॅट पुरे, फक्त कॉम्बी (टाकीशिवाय नळालाही गरम पाणी देणारा बॉयलर) असेल तर हीटिंगचं बटण ५५ वर आण.