‘जस्ट अनदर डायमंड डे’ : काही महिने ऐकल्यानंतर

व्हॅश्ती बन्यन या इंग्लिश गायिकेचा हा पहिला अल्बम मी गेले काही महिने नियमाने ऐकत आहे. प्रथमदर्शनी तो बालगीतांच्या जवळचा वाटतो. ‘लिली पाँड’ची चाल तर ‘ट्विंकल ट्विंकल’चीच आहे. मात्र ही गाणी कुठे जन्मली हे ठाऊक झाले की ती निराळी ऐकू येतात. १९६८ साली बन्यन आणि त्यांचा जोडीदार घोडागाडीने स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांकडे निघाले आणि यातील अनेक गाणी त्या वाटेवरच सुचली. ‘जॉग अलाँग बेस’ हे तर गाडी ओढणाऱ्या घोडीलाच उद्देशून आहे. जात्यावरची ओवी जशी दळणाऱ्या हाताला सोबत म्हणून येते, तशी ही गाणी वाटचालीला सोबत म्हणून आली आहेत, आणि त्यामुळेच कुणाला जिंकून घेण्यासाठी आवाज कुठेही चढत नाही. माझ्या मते या अल्बमचे सारे बळ या न चढणाऱ्या आवाजात आहे.

निर्माते जो बॉइड यांनी १९६९च्या अखेरीस लंडनमध्ये अल्बमचे ध्वनिमुद्रण केले. इंग्लिश गायक निक ड्रेकच्या गाण्यांचे वाद्यसंयोजन करणारे रॉबर्ट कर्बी यांनी तीन गाणी सजवली असून, त्यांतील ‘रेनबो रिव्हर’ मला सर्वांत प्रिय आहे, कारण तिथे वाद्ये आवाजाला झाकत नाहीत. ‘टिमथी ग्रब’ मात्र अजूनही पातळच वाटते.

१९७०मध्ये आलेल्या या अल्बमकडे जवळजवळ कुणीच लक्ष दिले नाही आणि बन्यन सुमारे तीस वर्षे संगीतापासून दूर राहिल्या. २०००मध्ये तो पुन्हा निघाला, तेव्हा त्याला त्याचे खरे श्रोते तरुण गायकांमध्ये मिळाले. डेव्हेंद्र बॅनहार्टने २००४च्या आपल्या अल्बमचे शीर्षकगीत त्यांच्यासोबत गायले. ‘अ‍ॅनिमल कलेक्टिव्ह’ या बँडनेही त्यांना गायला बोलावले. २००५मध्ये त्यांचा दुसरा अल्बम ‘लुकआफ्टरिंग’ आला आणि त्यात जोअॅना न्यूसमने हार्प हे तंतुवाद्य वाजवले. हळू गाणे हा दुबळेपणा नव्हे, हा विश्वास त्या पिढीला या जुन्या ध्वनिमुद्रणातून मिळाला असावा, असे मला मनापासून वाटते.

फोनच्या स्पीकरवर यातील बारकावे हरवतात, म्हणून हेडफोन घ्यावा. सगळी गाणी मिळून अर्ध्या तासाचाच ऐवज आहे, तेव्हा क्रम न मोडता एका बैठकीत ऐकावा.