थर्मामीटर चांगलाय, आकडा खरा दाखवतो, बीप मात्र कानात जीव आणून ऐकावी लागते

घरात कोणी इम्युनिटी दाबून ठेवायच्या गोळ्यांवर असेल त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय, बाकीच्यांना कुठलाही थर्मामीटर चालतो. आमच्याकडे ह्यांचं किडनी ट्रान्सप्लांट झालंय, किडनी सासूबाईंनी दिली, आणि टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन (हे स्टिरॉइड) हे तिन्ही रोज चालू आहे. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी बजावलं होतं, ताप १००.४ म्हणजे ३८ सेल्सिअसला गेला की रात्री दोन वाजले असले तरी फोन करायचा. त्यामुळे १०३ ताप दाखवतो का ह्याच्याशी आम्हाला मतलब नाही, ९९ ते १०१ च्या मधे किती खरं बोलतो ते बघायचं, आणि त्यात हा पास.

बॉक्सवर ०.२ फॅरनहाइट इकडे-तिकडे असं लिहिलंय, क्लिनिकमधल्याशी ताडून बघितला तर तेवढाही फरक नाही. टोक मऊ आहे, वाकतं, जिभेखाली एका बाजूला आत सरकवलं की टोचत नाही. बीप झाल्यावर अजून मिनिटभर ठेवला तर आकडा एखाद-दोन पॉइंट चढतो, आम्ही ठेवतोच. आणि चहा पिऊन लगेच लावू नका, अर्धा तास जाऊ द्या. कोविडमधली ती कपाळावर धरायची गन होती घरात, एसीतून उठलेल्या माणसाला ९६ दाखवायची, आता मी ती दही विरजताना दुधाला लावते.

सासूबाई म्हणायच्या, "अगं ९९.८ म्हणजे काय ताप झाला का, अंग जरा कोमट आहे." तुमच्या-माझ्या बाबतीत बरोबर आहे त्यांचं. पण ताप हा जंतू आणत नाहीत, आपलंच शरीर इन्फेक्शन बघून चढवतं, आणि स्टिरॉइड नेमकं तेच सिग्नल दाबतं. शिवाय जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्तातच फिरत राहतात, जिथे इन्फेक्शन आहे तिथे पुरेशा पोचत नाहीत, म्हणून सूज, लाली, पू सगळंच कमी दिसतं आणि उलट रिपोर्टमध्ये डब्ल्यूबीसी, म्हणजे ह्याच पांढऱ्या पेशी, वाढलेल्या येतात, त्या बघून गोंधळायला होतं. टॅक्रोलिमसने टी-सेल, म्हणजे पांढऱ्या पेशींतलाच एक प्रकार, जागे होत नाहीत, मायकोफेनोलेटने त्यांची संख्या वाढत नाही. नवी किडनी टिकवायची तर हे करावंच लागतं, पण त्याच सैन्यावर बॅक्टेरियाशी लढायचं कामही असतं ना.

ट्रान्सप्लांटवाल्यांना सगळ्यात जास्त होतं ते युरीन इन्फेक्शन, बहुतेक वेळा ई-कोलायचं. नवी किडनी कमरेत नाही, पुढे ओटीपोटात बसवतात, आणि तिच्या नसा जोडलेल्या नसतात, म्हणून नेहमीसारखी कमरेतून कळ येईलच असं नाही. मग हातात राहतो तो हा आकडा, थोडी थंडी वाजणं आणि जेवण नको होणं. तेव्हा ताप नाही म्हणजे इन्फेक्शन नाही असं ह्या मशीनवर विसंबून धरू नका, माणूस गळून गेलेला दिसला तर ९८.६ असला तरी फोन करा.

आणि थर्मामीटर लावायच्या आधी पॅरासिटामॉल देऊ नका हो, आकडाच जातो. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक तर अजिबातच नाही. क्लॅरिथ्रोमायसिनने टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल चढते, रिफाम्पिसिनने उतरते, आणि दोन्हीत वाट किडनीची लागते. ब्रूफेनही नको.

आता तक्रारी. बीप इतकी बारीक की पंखा चालू असेल तर ऐकू येत नाही, सासूबाईंना तर नाहीच. स्क्रीनला लाइट नाही, रात्री मोबाईलचा टॉर्च मारावा लागतो. बटण जास्त वेळ दाबलं गेलं की सेल्सिअसमध्ये जातो, एकदा ३७.९ आलं आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो, शेवटी मुलाने हिशोब करून सांगितलं १००.२. मेमरीत फक्त शेवटचं रीडिंग राहतं म्हणून फ्रिजवर कागद लावून वेळेसकट लिहितो, डॉक्टर फोनवर तेच विचारतात, किती होता आणि कधी होता.

टोक स्पिरिटने पुसा, उकळत्या पाण्यात घालू नका. सेल एलआर ४१, मेडिकलमध्ये नसेल तर घड्याळवाल्याकडे मिळतो, एक जास्तीचा आणून ठेवा. चार स्टार.