जुन्या ऑक्टाव्हिया १.८ टर्बोला समोरचा इंटरकूलर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझी गाडी पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया आहे. इंजिन १७८१ सीसीचे, २० व्हॉल्व्हचे टर्बो पेट्रोल असून त्याची मूळ ताकद १५० पीएस (अश्वशक्ती) आणि टॉर्क २१० न्यूटन-मीटर आहे. ईसीयूचा (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचा) मॅप, म्हणजे त्यातली सेटिंग्ज, पूर्वीच बदललेला असल्यामुळे कंपनीच्या सुमारे अर्ध्या बारऐवजी आता शिखरावर एक बारच्या आसपास बूस्ट (हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या टर्बोने दिलेला जादा दाब) मिळतो. याच स्थितीत मूळ इंटरकूलर (टर्बोने तापवलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारा भाग) काढून बंपरच्या मागे, रेडिएटरच्या पुढे मोठा इंटरकूलर बसवून घेतला आणि कडक उन्हाळा व थंडी अशा दोन्ही ऋतूंत तो नियमित वापरला. हेच इंजिन त्या काळच्या चौथ्या पिढीच्या गोल्फमध्ये आणि पहिल्या ऑडी ए३मध्येही होते, त्यामुळे पुढील बरेचसे मुद्दे त्या गाड्यांनाही लागू पडतील.

मूळ इंटरकूलरबद्दल आधी सांगणे आवश्यक आहे, कारण त्याची मर्यादा समजल्याशिवाय हा खर्च योग्य की अयोग्य हे ठरवता येत नाही. या गाडीत तो उजव्या पुढच्या चाकाच्या अगदी पुढे, फॉग लॅम्पच्या मागच्या पोकळीत बसवलेला असतो. आकाराने लहान, आणि त्याला मिळणारी हवा बंपरमधील एका छोट्या जाळीतून येणारी. कंपनीच्या बूस्टला तो पुरेसा आहे, आणि ज्यांची गाडी मूळ मॅपवर आहे त्यांनी त्याला हात लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. बूस्ट वाढला की मात्र तो एका जोरदार ओढीपुरताच (अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून एकदा वेग घेईपर्यंतच) टिकतो. दुसऱ्या ओढीच्या वेळी तो तापलेल्या तव्यासारखा झालेला असतो आणि गाडी दमल्यासारखी वाटू लागते.

या दमण्यामागे साधा हिशेब आहे. बाहेरची हवा ३५ अंश सेल्सिअस असताना टर्बोने तिचा दाब दुप्पट केला, तर आदर्श परिस्थितीतही ती सुमारे १०० अंशांपर्यंत तापते. प्रत्यक्षात कॉम्प्रेसरची (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागाची) कार्यक्षमता ७० टक्क्यांच्या आसपास धरली, तर टर्बोतून बाहेर पडणारी हवा १३० अंशांच्या घरात जाते. इंटरकूलरने त्या जादा उष्णतेपैकी ७० टक्के काढून घेतली तर इंजिनाला साधारण ६४ अंशांची हवा मिळते, आणि ८५ टक्के काढून घेतली तर सुमारे ४९ अंशांची. या १५ अंशांच्या फरकामुळे हवेची घनता अवघी साडेचार टक्क्यांनी वाढते, आणि त्यातलाही काही भाग मोठ्या कोअरमधून (इंटरकूलरच्या हवा थंड करणाऱ्या गाभ्यातून) जाताना होणाऱ्या दाबाच्या घटीत जातो. म्हणूनच केवळ इंटरकूलर बदलून २०-३० पीएस वाढतील अशी अपेक्षा कोणी ठेवत असेल, तर ती या आकड्यांवर टिकणारी नाही.

खरा फायदा टायमिंगमध्ये, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी नेमकी कधी पडते यात, आहे. हवा तापली की पेट्रोल आपोआप पेटण्याचा (नॉकचा) धोका वाढतो, नॉक सेन्सर ते पकडतो आणि ईसीयू त्या त्या सिलिंडरचे इग्निशन टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि ताकद घटते. गाडी ‘सुस्त’ वाटते ती मुख्यतः या कारणाने. व्हीसीडीएस (या गाड्यांच्या ईसीयूतील आकडे वाचणारे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनी मेझरिंग ब्लॉक (आकड्यांचा गट) ०२० मध्ये चारही सिलिंडरांचे मागे घेतलेले टायमिंग आणि ११८ मध्ये आत येणाऱ्या हवेचे तापमान बसवण्यापूर्वी व बसवल्यानंतर नोंदवून ठेवावे. जुन्या इंटरकूलरवर उन्हाळ्यात तिसऱ्या गिअरमध्ये शेवटपर्यंत ओढल्यावर तापमान ७० अंशांपर्यंत चढत असे आणि ओढ संपल्यानंतरही बराच वेळ उतरत नसे. आता तशाच उन्हात ते ५० अंशांच्या खालीच राहते आणि पाय सैल केल्यावर थोड्या अंतरात बाहेरच्या हवेच्या जवळ येते. टायमिंग मागे घेण्याचे प्रमाणही स्पष्टपणे कमी झाले आहे. थंडीत मात्र हा फरक शोधून काढावा लागतो, तोही लॉगमध्येच (सॉफ्टवेअरच्या नोंदींतच). चालवताना पहिल्या ओढीत जाणवणारा जोर जवळपास पूर्वीइतकाच आहे. फरक आहे तो तिसऱ्या आणि चौथ्या ओढीत, लांबच्या चढावर आणि महामार्गावर एकामागून एक ओव्हरटेक करताना. दर वेळी गाडी तितक्याच ताकदीने ओढते, आणि एवढ्या एका गोष्टीसाठी मी हा बदल पुन्हा करेन.

कोअर निवडताना आकाराचा मोह टाळावा. बाजारात दोन प्रकार मिळतात. ट्यूब-अँड-फिन (नळ्या आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिन्स) प्रकार हलका असतो आणि त्यातून मागच्या रेडिएटरकडे हवा अधिक मोकळेपणाने जाते. बार-अँड-प्लेट प्रकार जड असतो, पण धातू जास्त असल्याने थोड्या वेळाची जोरदार उष्णता अधिक पचवतो आणि खडे लागल्यावर सहज वाकत नाही. मी दुसरा प्रकार घेतला, मात्र उंची आणि जाडी बेताची ठेवली. या इंजिनावरील केकेके के०३ टर्बो लहान आहे; त्याच्यासाठी भिंतीएवढा कोअर लावला तर थंडावा फारसा वाढत नाही, दाबाची घट आणि रेडिएटरची अडचण मात्र वाढते. पाइपांचेही तसेच आहे. ५७ ते ६३ मिलिमीटर व्यास या टर्बोला भरपूर होतो, त्याहून जाड पाइप केवळ दिसायला चांगले.

बसवताना ज्या गोष्टीवर सर्वांत जास्त वेळ गेला आणि जो जायलाच हवा होता, ती म्हणजे बंपरच्या आतला धातूचा आडवा बीम. अनेक किटच्या सूचनांमध्ये हा बीम कापण्यास सहजपणे सांगितलेले असते. समोरून धडक बसल्यावर पहिला आघात झेलण्यासाठीच तो तिथे असतो आणि काही अंश कमी तापमानासाठी त्याला करवत लावणे मला मुळीच मान्य नाही. त्यामुळे बीमच्या खाली मावेल एवढ्याच उंचीचा कोअर निवडला आणि बंपरच्या आतील बाजूचे थोडे प्लास्टिक तेवढे कापावे लागले. टो हुक फिरवून बसवण्याची जागा मोकळी राहते का, हेही पाइप पक्के करण्यापूर्वी तपासावे; रस्त्यात गाडी बंद पडल्यावर हे लक्षात येण्यात अर्थ नाही. बूस्टचा सेन्सर मूळ रचनेत इंटरकूलरनंतरच्या भागावर असतो, म्हणून नव्या थंड बाजूच्या (इंटरकूलरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या) पाइपवर त्यासाठी वेल्ड केलेली बैठक आहे याची खरेदीपूर्वी खात्री करून घ्यावी.

कोअरच्या चारही बाजूंच्या फटी बंद करणे हे दिसायला किरकोळ काम आहे, पण परिणामाच्या दृष्टीने मी त्याला कोअरच्या किमतीइतकेच महत्त्व देईन. हवा नेहमी सोपी वाट धरते. कोअरच्या वर किंवा बाजूला दोन बोटांची फट असेल तर ती फिन्समधून न जाता तिथून निघून जाते. पातळ प्लास्टिक पत्रा आणि उष्णता सहन करणारा फोम वापरून बंपरच्या तोंडापासून कोअरपर्यंत बंदिस्त मार्ग तयार केल्यावर लॉगमधील तापमान आणखी उतरलेले दिसले, आणि त्याचा खर्च नगण्य होता.

टर्बो लॅग (अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर बूस्ट यायला लागणारा उशीर) वाढेल ही भीती मलाही घातली गेली होती. नवे पाइप आणि कोअर मिळून आतली जागा फार तर सात-आठ लिटरने वाढते. हे इंजिन ३००० आरपीएमला बूस्टशिवायही सेकंदाला सुमारे ४४ लिटर हवा ओढते, म्हणजे ही जादा हवा त्याच्या पाव सेकंदाच्याही आतल्या खुराकाएवढी आहे. प्रत्यक्षात गिअर बदलल्यानंतर बूस्ट उभा राहताना अगदी किंचित मऊपणा जाणवतो, विशेषतः कमी आरपीएमवर. शहरात हळू चालवताना तो लक्षात येतो, त्याची सवय होते, आणि तो अजिबात नाही असे म्हणणे खरे होणार नाही.

खरी किंमत मोजावी लागते ती रेडिएटर आणि एसीच्या बाजूला. आता एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारा भाग) आणि रेडिएटर दोघांनाही इंटरकूलरमधून तापून आलेली हवा मिळते. महामार्गावर याचा काहीच त्रास नाही. उन्हाळ्यात, भर दुपारी, वाहतुकीत अडकून उभे राहिल्यावर एसीचा गारवा थोडा कमी होतो आणि पंखा पूर्वीपेक्षा वारंवार चालू होतो. येथे डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नये, कारण या पिढीच्या गाड्यांमध्ये तो काटा तापमान बरेच वर-खाली झाले तरी ९० वर स्थिर राहतो. खरे तापमान डायग्नॉस्टिकमधूनच वाचावे. माझ्याकडे ते धोक्याच्या पातळीवर कधी गेले नाही, परंतु कूलंट, थर्मोस्टॅट, वॉटर पंप आणि दोन्ही पंखे आधीच उत्तम स्थितीत होते. ज्यांच्या गाडीची कूलिंग व्यवस्था आजच काठावर आहे, त्यांनी तो पैसा आधी तिथे घालावा.

किटसोबत आलेल्या साध्या वर्म-ड्राइव्ह (स्क्रू फिरवून आवळायच्या) क्लॅम्पवर मी समाधानी नाही. टर्बोकडच्या गरम बाजूचा एक जोड काही आठवड्यांतच बूस्टखाली सरकू लागला आणि पी१२९७ हा बिघाडाचा कोड आला, म्हणजे टर्बो ते थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा नियंत्रित करणारी झडप) यांदरम्यान दाब कमी पडल्याची नोंद. या इंजिनात आत येणारी हवा टर्बोच्या आधीच मोजली जाते, म्हणून पुढे कुठेही ती निसटली तर पेट्रोल मात्र पूर्ण हवेच्या हिशेबाने पडते आणि मिश्रण रिच होते (त्यात पेट्रोल गरजेपेक्षा जास्त होते). सर्व जोडांना टी-बोल्ट (बोल्टने घट्ट आवळायचे) क्लॅम्प लावले, पाइपांच्या टोकांवरील तेल पुसून काढले आणि टर्बोच्या तोंडाला टोपी लावून एक बारपर्यंत हवा भरून साबणाच्या पाण्याने प्रत्येक जोड तपासला. त्यानंतर तक्रार उरली नाही. असा कोड आल्यास डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (थ्रॉटल बंद झाल्यावर साचलेला बूस्ट सोडणाऱ्या झडपेचा) पडदाही अवश्य पाहावा, कारण या इंजिनावर तो वयाने फाटतो आणि लक्षणे हुबेहूब तीच असतात.

देखभाल थोडी वाढली आहे. समोर असल्यामुळे फिन्समध्ये किडे आणि धूळ साचते, ती कमी दाबाच्या पाण्याने मागून पुढे धुवावी, कारण प्रेशर वॉशरची धार फिन्स वाकवते. बंपरच्या तोंडाला बारीक जाळी लावण्याचा विचार केला होता, पण ती हवा अडवते म्हणून मोठ्या छिद्रांची जाळीच ठेवली. क्रँककेसमधून (इंजिनाच्या क्रँक असलेल्या खालच्या भागातून) येणारे तेल काही प्रमाणात कोअरच्या तळाशी साचते. जुन्या इंजिनात थोडा ओलावा स्वाभाविक आहे, पण खालचा होज सोडल्यावर तेलाची धार लागली तर इंटरकूलर बाजूला ठेवून पीसीव्हीचे (क्रँककेसमधले वायू बाहेर काढणाऱ्या व्यवस्थेचे) होज, चेक व्हॉल्व्ह आणि टर्बोचे सील यांच्याकडे वळावे. मी दर ऑइल बदलाच्या वेळी हा होज सोडून पाहतो, आणि त्याच वेळी सर्व क्लॅम्प एकदा हाताने तपासून घेतो.