गिनीपिगचे केस गळतायत: खरूज की गजकर्ण?

चट्टा दिसला की मेडिकलमधून मलम आणायचा मोह होतो. तो आवरा. खरूज आणि गजकर्ण, दोन्हींत केस जातात, खपल्या धरतात. औषधं मात्र पूर्ण वेगळी.

खरजेचा किडा, ट्रिक्सॅकॅरस, कातडीत बोगदे करून राहतो, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. खाज भयंकर. पाठीवर, मांड्यांवर कातडी जाड होते, हात लावताच जनावर ओरडतं; आजार बळावला तर खाजवता खाजवता झटका येऊन आडवं पडतं. गजकर्ण बुरशीचं. ते बहुधा नाक, डोळे, कान इथून सुरू होतं, कोंडा सुटतो, खाज कमी असते. फरक नेहमी इतका ठळक नसतो, म्हणून डॉक्टरांकडून कातडीची खरवड आणि केस तपासून घ्याच. गजकर्ण माणसांनाही लागतं, तोवर पोरांना लांब ठेवा.

खरजेवर आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन किंवा मानेवर टाकायचे सेलामेक्टिनचे थेंब. इंजेक्शन स्वस्त आणि सहज मिळणारं, पण दर सात ते चौदा दिवसांनी पुन्हा द्यावं लागतं. गुरांसाठीच्या आयव्हरमेक्टिनच्या बाटलीत एका मिलिलिटरला १० मिलिग्रॅम औषध असतं. किलोभराच्या गिनीपिगला ०.०५ मिलिलिटरही जास्त होऊ शकतं. घरी हा हिशेब करूच नका. सुईला घाबरणाऱ्या जनावराला मी थेंबच सुचवेन, तेही वजन करून डॉक्टरांनी ठरवलेले.

गजकर्णाला घाई चालत नाही. इट्राकोनॅझोल किंवा टर्बिनाफिन, कित्येक आठवडे. स्टेरॉइड मिसळलेलं 'खाजेचं मलम' लावलं की चट्टा दबतो आणि बुरशी आतून पसरते. जखम चिघळली म्हणून अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक तर अजिबात पाजू नका. गिनीपिगच्या आतड्यातले चांगले जिवाणू मरतात आणि तो दगावू शकतो.

अंथरायला भुसा की टॉवेल? सोलापुरात टेरी टॉवेलला तोटा नाही, आणि मी त्याच्याच बाजूची: गरम पाण्यात धुता येतो, धूळ नाही. पण उन्हाळ्यात पिंजरा कुलरच्या थेट झोतात असेल तर टॉवेल दमट राहतो आणि बुरशीला आयतं घर मिळतं. रोज बदलणं जमणार नसेल तर धूळ चाळलेला कोरडा भुसा बरा.

क जीवनसत्त्व गिनीपिगच्या शरीरात तयार होत नाही, कमी पडलं की कातडी कमजोर होते. पेरूची छोटी फोड, ढोबळी मिरची, कोथिंबीर रोज ताजी द्या.