गाडीचा एसी: एक झोन की दोन?

'ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल' लिहिलेलं पाहून मी आधीची गाडी घेतली होती. अख्ख्या गाडीला एकच तापमान. सहा वर्षं वापरली. आताच्या गाडीत डावी-उजवी बाजू वेगळी लावता येते. ग्वाल्हेरात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, जानेवारीत धुक्याच्या दिवसांत काच आतून धुरकट होते. दोन्ही ऋतूंत दोन्ही गाड्यांनी काम चोख केलं. काच साफ करायला तर दोन्ही सारख्याच.

पण आमचं आग्र्याला बहिणीकडे फार जाणं-येणं. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातून जेवून निघालं की मुरैना, चंबळचा पूल, धौलपूर असं सगळं उत्तरेकडे जायचं, म्हणजे दुपारचं ऊन डाव्या काचेतून. तिथे आई बसलेली. आतलं तापमान मोजणारा सेन्सर बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगजवळच्या बारीक जाळीमागे असतो. तो माझ्या गुडघ्यापाशी २४ अंश पाहून पंखा हळू करायचा आणि आई काचेत टॉवेल अडकवायची. "अरे, इकडे नुसतं भाजतंय." २१ केलं की तिला बरं वाटायचं, पण माझी बोटं गारठायची आणि मागे मुलगी शाल मागायची. परत येताना ऊन माझ्या बाजूला. मी थंडावा वाढवला की आईचे गुडघे धरायचे. दर दहा मिनिटांनी बटण फिरवायचं, तर मग ऑटोमॅटिक कशाला घ्यायचं? त्या टॉवेलपायीच मी दोन झोनची गाडी घेतली.

डॅशबोर्डवर, पुढच्या काचेखाली, ऊन मोजणारा एक काळा ठिपका असतो. दोन झोनच्या बऱ्याच गाड्यांत त्याचे दोन भाग असतात, त्यामुळे ऊन कोणत्या बाजूने येतंय हे गाडीला कळतं आणि त्या बाजूची हवा जास्त गार होते. मी थर्मामीटर लावून पाहिलेलं नाही, प्रत्येक कंपनीचं गणितही वेगळं असेल. पण दोन उन्हाळे झाले, टॉवेल डिकीतच आहे. आईला थोडं उबदार हवं असेल तर ती तिच्या बाजूचं बटण स्वतः फिरवते, मला सांगावं लागत नाही. मला याचं फार समाधान आहे.

फार अपेक्षा मात्र ठेवू नका. गार हवा दोन्ही बाजूंना एकाच कॉइलवरून येते, प्रत्येक बाजूची झडप तिच्यात गरम हवा किती मिसळायची एवढंच ठरवते. शिवाय मध्ये भिंत नाही. दोन-तीन अंशांचा फरक जाणवतो, दहाचा टिकत नाही. झडपा आणि त्यांच्या मोटरी वाढल्या म्हणजे पुढेमागे दुरुस्तीही वाढू शकते. आणि दोन्ही बाजूंचं तापमान एकच करणारं 'सिंक'चं बटण दाबलेलं राहिलं तर दोन झोन असून नसल्यासारखेच.

याच्याही पुढे गेलेल्या गाड्या आहेत. टोयोटा-लेक्ससच्या काही मॉडेलांत एस-फ्लो नावाची यंत्रणा शेजारची सीट रिकामी दिसली की तिकडची हवा आवरती घेते. ह्युंदाईच्या कोना इलेक्ट्रिकमध्ये फक्त चालकाच्या बाजूला हवा सोडणारं 'ड्रायव्हर ओन्ली' बटण होतं. रोज एकट्याने ऑफिसला जाणाऱ्याला, त्यातही बॅटरीची गाडी असेल तर, हे खरंच उपयोगाचं. आमची गाडी बहुधा भरलेली असते, म्हणून मी त्यासाठी जास्त पैसे दिले नसते. एकटेच हिंडत असाल तर एक झोनही पुरेल, वाचलेल्या पैशांत चांगले टायर येतील.

घरातलं वडील माणूस नेहमी पुढे बसत असेल, तर टेस्ट ड्राइव्ह दुपारी तीनला मागा. गाडी उत्तरेकडे न्यायला सांगा, स्टिअरिंग दुसऱ्याकडे द्या आणि अर्धा तास स्वतः डावीकडे बसा.