गाडीचं लोकेशन दाखवणारं ॲप: नऊ महिने पैसे भरून वापरल्यावर, आणि ‘१२ मिनिटांत पोहोचेल’ या एका ओळीबद्दल

काल ॲपच्या कंपनीकडून माझ्या तक्रारीला तिसऱ्यांदा तेच उत्तर आलं, म्हणून शेवटी लिहायला बसलो. ॲपचं नाव देत नाही. रेल्वेगाडी कुठे पोचली ते दाखवणारी जी चार-पाच ॲप सगळ्यांच्या फोनमध्ये असतात, त्यातलंच एक. फुकटचं दोन वर्षं वापरलं. गेल्या मे महिन्यात ३९९ रुपये भरून वर्षाचा प्लॅन घेतला, कारण त्यात जाहिराती नाहीत आणि गाडी स्टेशनात यायच्या आधी अलार्म वाजतो.

हा अलार्म मला का हवा होता ते सांगतो. मालवणजवळ आमच्या घरातल्या चार खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. पाहुणे कुडाळला उतरतात, आणायला मी जातो. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर, वळणांचा रस्ता, जायलाच तास धरावा लागतो. लवकर गेलो तर स्टेशनबाहेर बसून राहायचं आणि घरी आईने एकटीने स्वयंपाक करून बाकीच्या पाहुण्यांचंही बघायचं. उशिरा गेलो तर लहान मुलं घेऊन आलेली माणसं रात्री अकरा वाजता फलाटावर ताटकळणार. सीझनला महिन्यात दहा-बारा फेऱ्या होतात. डिझेलचा हिशोब मी वहीत लिहितो, त्यामुळे खाली जे लिहितोय ते आठवणीवर नाही.

पहिले दोन महिने मी खूश होतो. गाडीत बसलेल्या पाहुण्याच्या फोनला नेट नसलं तरी टॉवरवरून जागा कळते, बोगद्यात ठिपका गोठतो पण बाहेर आला की लगेच सरकतो. फलाट क्रमांक बहुतेक वेळा बरोबर. जूनमध्ये पावसाळी वेळापत्रक लागलं तेव्हा मात्र चार दिवस जुन्याच वेळा दाखवत होतं. आपल्याकडे कोकण रेल्वेवर पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवतात, जोराच्या पावसात तर ताशी ४० किलोमीटरच्या आत, म्हणून वेळाच बदलतात, हे इथे शाळेतल्या पोराला माहीत आहे. ॲपला चार दिवस लागले. तेही मी सोडून दिलं.

मग जुलैतली ती रात्र. पुण्याचं कुटुंब, सोबत आजी. अलार्म वाजला, ‘१२ मिनिटांत पोहोचेल’. मी आधीच निघून स्टेशनवर पोचलो होतो. पाऊस कोसळत होता. बारा मिनिटांनी बघितलं, बारा मिनिटं. अर्ध्या तासाने बघितलं, तरी बारा मिनिटं. गाडी मागच्या स्टेशनाच्या आउटरला, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या सिग्नलपाशी, उभी होती आणि एक तास वीस मिनिटं उभीच राहिली. आईचा फोन आला, ‘‘गाडी इली काय रे?’’ मी तीनदा ‘‘आता येता’’ म्हणून सांगितलं आणि तीनदा भात पुन्हा गरम झाला. त्या रात्री मी एक स्टार दिला होता. तो आता बदललाय, का ते सांगतो.

आमच्या वाडीत एक काका आहेत, आयुष्यभर रेल्वेच्या सिग्नल खात्यात काम केलेले. त्यांना ॲप दाखवलं तर ते म्हणाले, ठिपका बरोबर आहे, चूक मिनिटांची आहे. मग त्यांनी समजावलं. रुळांतून बारीकसा करंट सोडलेला असतो. गाडी आली की चाकांमुळे तो मधेच जुळतो, रिले (करंटवर चालणारा स्विच) पडतो आणि सिग्नल लाल होतो. खडीत पाणी साचलं की करंट गळतो आणि गाडी नसतानाही रिले पडतो. यंत्रणेची रचनाच अशी की शंका आली तर लालच. दुसरीकडे चाकं मोजणारी यंत्रं असतात. आत गेलेली आणि बाहेर पडलेली चाकं जुळली नाहीत तर रूळ मोकळा आहे असं ते यंत्र मानतच नाही. अशा वेळी स्टेशन मास्तर पुढच्या स्टेशनाशी फोनवर बोलून खात्रीसाठी खासगी नंबर घेतो-देतो, पॉइंट्समन पावसात जाऊन सांधे (गाडी रूळ बदलते ती जागा) बघतो, कुलूप लावतो, ड्रायव्हरच्या हातात कागद देतो, आणि मग गाडी लाल सिग्नल ओलांडून सावकाश आत येते. हे सगळं अंधारात, कंदील घेऊन. ऐकल्यावर माझा रेल्वेवरचा राग गेला. त्या रात्री कोणीतरी भिजत होतं म्हणून ती आजी सुखरूप उतरली.

ॲपवरचा राग मात्र वाढला, कारण बिघाड रोज नसतो, क्रॉसिंग, म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबणं, रोज असतं. १९९८ साली रोह्यापासून कर्नाटकातल्या ठोकूरपर्यंत हा कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण झाला तो एकेरी. २०२१ मध्ये रोहा ते वीर दुहेरी झाला, आमच्याकडे अजून एकच रूळ. दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी. समोरून दुसरी निघाली असेल तर आपली गाडी लूपला, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, टाकतात आणि ती येईपर्यंत हलत नाही. ॲप काय करतं, तर उरलेलं अंतर घेतं, वेगाने भागतं आणि मिनिटं काढतं. समोरची गाडी त्याच्या हिशोबातच नाही. आणि गंमत नाही, खरं सांगतो, ती समोरची गाडी त्याच ॲपमध्ये दिसते! माहिती त्यांच्याकडे आहे, फक्त दोन ठिपके एकमेकांना जोडलेले नाहीत.

ऑगस्टपासून मी वेगळ्या रीतीने वापरतो. मिनिटं बघतच नाही. पाहुण्यांची गाडी कणकवलीला आली की मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या उघडतो. त्यातली एखादी कुडाळहून सुटून सिंधुदुर्ग स्टेशनाकडे निघाली असेल, तर आपली तिथे थांबणारच. ती सावंतवाडीच्या अलीकडेच असेल तर क्रॉसिंग बहुधा कुडाळलाच, आपली गाडी थेट फलाटावर. वहीप्रमाणे ऑगस्ट ते जानेवारी ५७ फेऱ्या झाल्या, त्यात अर्ध्या तासाहून जास्त वाट फक्त सहा वेळा बघावी लागली. मे ते जुलै तीन महिन्यांत तेच एकोणीस वेळा. स्टेशनबाहेरच्या चहाचेच पैसे धरले तरी प्लॅन वसूल झाला, म्हणून एकाचे तीन स्टार केले.

कंपनीला मी एवढंच लिहिलं होतं: एकेरी मार्गावर गाडी थांबलेली असेल तर ‘समोरून अमुक गाडी येत आहे’ एवढं दाखवा, आणि थांबलेल्या गाडीची मिनिटं दाखवू नका, ‘किती वेळ उभी आहे’ ते दाखवा. सोबत नऊ फेऱ्यांच्या वेळा आणि स्क्रीनशॉट जोडले. तिन्ही वेळा उत्तर आलं की ॲप अपडेट करा, लोकेशन चालू ठेवा. शेवटच्या वेळी अर्धे पैसे परत मागितले, त्यावर उत्तरच नाही. मेल वाचणारं माणूस तिथे आहे असं मला वाटत नाही.

मुंबईत लोकल पकडायची असेल तर फुकटचं पुरेल. चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत कोणाला आणायला जात असाल तर ठिपक्यावर विश्वास ठेवा, अलार्मवर नको. म्हातारी माणसं येणार असतील तर गाडीतल्या माणसालाच फोन करून विचारा, बाहेर फलाट दिसतोय की काळोख.

मी आपोआप नूतनीकरण बंद केलंय, मेमध्ये प्लॅन संपेल. आज रात्री नाशिकचे सहाजण येतायत. त्यांची गाडी आत्ता वैभववाडीच्या पुढे आहे, ॲप दीड तास म्हणतंय. सावंतवाडीहून मुंबईची गाडी अजून सुटलेली नाही, म्हणून आईला म्हटलंय, भात इतक्यात लावू नको.